पिवळा बुडखा

फणस पाडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतली माणसं बुडख्याभोवती उभी होती. टकटकमामा गल्लीच्या तोंडाशी पोचला तेव्हा त्याला आधी नुसत्या पाठी दिसल्या, मयताला जमाव्यात तशा. मग कुणीतरी वळून पाहिलं आणि पाठी बाजूला सरकल्या. त्याला वाट दिली गेली. ती वाट त्याला नको होती, पण दिलेली वाट नाकारायची कशी?

बुडखा हळदीसारखा पिवळा होता. सालीपासून गाभ्यापर्यंत सलग. एक चीर नाही, कीड नाही, करंगळी जाईल एवढं भोक नाही. कडेनं चीक ओघळून पांढरा सुकला होता. त्या जागेवर कित्येक वर्षांनी ऊन पडलं होतं, आणि उन्हात ते लाकूड नुकत्याच पुसलेल्या पितळेसारखं चकाकत होतं.

याच झाडावर पाच दिवसांपूर्वी टकटकमामानं लाल फुली मारली होती. आतून पोकळ, पडण्याचा धोका, असं कागदावर लिहून खाली सही केली होती.

टकटकमामा हे त्याचं नाव नव्हे. पण घरची माणसं सोडली तर नाव कुणाला आठवत नसे. पालिकेच्या झाडखात्यात त्याला एकतीस वर्षं झाली होती आणि त्याचं काम एकच: शहरातली रस्त्याकडेची झाडं ठोकून पाहायची. खांद्याला पिशवी, पिशवीत चिंचेच्या लाकडाची एक मोगरी, लाल रंगाचा डबा आणि कुंचला. झाडाशी आला की आधी खोडाभोवती एक फेरी मारायची, मग बुंध्यापासून डोक्याच्या उंचीपर्यंत सात ठिकाणी ठोकायचं आणि दर ठोक्याला कान सालीला लावायचा. भरीव झाड ठणठणीत, कोरडं बोलतं. पोकळ झाड घागरीत बोलावं तसं बोलतं. दोन्हींच्या मध्ये शंभर आवाज असतात आणि ते शिकायला त्याला सहा वर्षं लागली होती. शिकवणारा म्हातारा मुकादम म्हणायचा, "झाड खोटं बोलत नाही बघ. बोललंच, तर आपले कान तपास."

मुकादम गेला तेव्हा मोगरी त्याच्याकडे आली आणि कानाची कीर्तीही आली. एकदा बाजारातल्या एका गलेलठ्ठ वडाला त्यानं पोकळ म्हटलं तेव्हा लोक हसले होते. आठवड्यात वारा सुटला आणि वड आडवा झाला. खाली कुणी नव्हतं, कारण त्यानं आधीच दोर बांधून जागा अडवली होती. त्या दिवसापासून हसणं बंद झालं. चहावाला त्याला पाहताच टेबल ठोकून विचारायचा, "मामा, आमचा चहा भरीव आहे का बघा." तोही मान कलती करून म्हणायचा, "आतून पाणीच आहे." हा विनोद वीस वर्षं चालला होता आणि दोघांनाही त्याचा कंटाळा आला नव्हता.

गल्लीतला फणस कुणी लावला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणीतरी आठळी टाकली असेल, एवढंच. भांडण निघालं की प्रत्येक घर म्हणायचं, आमच्याच आजोबांनी टाकली. गल्ली जिथे जराशी रुंद होते तिथे तो उभा होता, आणि त्याच्या सावलीत गल्लीचं निम्मं आयुष्य चाले. जवळच्या दवाखान्यात नंबर लावून आलेल्या बाया पोरांना घेऊन तिथे बसत. एक रिक्षावाला दुपारी मागच्या सीटवर पाय बाहेर काढून झोपे. धार लावणारा आपलं चाक तिथेच मांडे. आणि बुंध्याला लागून इस्त्रीवाल्या मावशींचं टेबल होतं, सत्तावीस वर्षं एकाच जागी. टेबलाच्या एका पायानं मुळात खळगा पाडला होता.

फणस लागले की ते कुणा एकाचे नसत. मावशी टेबलावर चढून बोटाच्या पेरांनी एकेक फळ ठोकत आणि सांगत, हा उद्या, हा अजून चार दिवस, याला हात लावाल तर बघा. त्यांचं कधी चुकलं नाही. मग धंदा सोडलेला शिंपी हाताला तेल लावून फळ फोडी आणि गरे घरटी वाटले जात. ज्याच्या घरी आजारी माणूस, त्याच्याकडे पहिला वाटा. कोवळे फणस भाजीला जात. आठळ्या राखेत घालून ठेवलेल्या असत, त्या भाजी महागली की बाहेर निघत. पाला शेळ्यांना. त्या झाडाचं वाया काही जात नसे, सावलीसुद्धा नाही.

मग एका संध्याकाळी वाऱ्यानं एक फांदी मोडून विजेच्या तारेवर पडली. कुणी तक्रार केली, आणि टकटकमामा पिशवी घेऊन आला.

त्यानं फेरी मारली. ठोकलं. कान लावला. आवाज आला तो मऊ, खोल, दबलेला. वर ठोकलं, तोच. सातही ठिकाणी तोच. त्यानं डबा उघडला तेव्हा मावशी हातातली इस्त्री उभी करून पुढे आल्या.

"मामा, पुन्हा एकदा ऐका. या झाडाला काही झालेलं नाही. मी रोज टेकते त्याला."

त्या चारचौघांत बोलल्या, हे त्याला लागलं. पुन्हा ठोकायला कितीसा वेळ लागला असता? तो हसून म्हणाला, "मावशी, कपडे तुम्ही ओळखता, झाडं मी ओळखतो." रिक्षावाला हसला. शिंपीही हसला. त्यानं फुली मारली आणि ती नेहमीपेक्षा जरा मोठीच मारली.

आता तीच माणसं बुडख्याकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीनं बघत होती. मावशी टेबलापाशीच होत्या. त्यांनी टेबलावर निळ्या प्लास्टिकचा तुकडा बांधला होता. त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. ओंडके न्यायला आलेला लाकूडवाला मात्र खुशीत होता. टेम्पोवर चढता चढता तो मोठ्यानं म्हणाला, "अशी पोकळ झाडं आणखी असतील तर सांगा हो मामा. घराचे दरवाजे करायचेत."

एवढं पुरलं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं की टकटकमामाचे हात लाकूडवाल्यानं ओले केले. एकतीस वर्षांचा कान चुकेल कसा? कान चुकत नाही म्हणजे माणूस विकला गेला. लोकांचा हिशोब सरळ होता, आणि त्या हिशोबातसुद्धा त्याच्या कानाचा मान होता. चहावाल्यानं चहा दिला, पण टेबल ठोकलं नाही.

खरं काय झालं ते त्याला कळत नव्हतं, असं तो स्वतःला सांगत राहिला. पण गेल्या वर्षा-दीड वर्षातल्या काही गोष्टी आता एकेक करून समोर येऊन बसू लागल्या. पूर्वी वर्षाला दोन, फार तर तीन फुल्या होत. या वर्षी अकरा झाल्या होत्या. तो खात्यात सगळ्यांना सांगत असे की या शहराची झाडं अचानक म्हातारी झाली, हवाच खराब आहे. चिमण्या उरल्या नाहीत, असंही तो सांगे. रातकिडेसुद्धा गेले कुठे कोण जाणे. कुकरच्या शिट्टीवरून बायको ओरडायची, "अहो, गॅस बंद करायला सांगितला होता ना," आणि तो म्हणायचा, शिट्टी झालीच कुठे?

रविवारी दुपारी सहा वर्षांची नात घरी आली होती. मुलगी आणि बायको आत होत्या. त्यानं मोगरी काढली आणि नातीला म्हणाला, एक खेळ खेळू. मी भिंतीकडे तोंड करून बसतो. तू कधी दाराच्या चौकटीवर ठोक, कधी त्या तांदळाच्या रिकाम्या पेटीवर. मी ओळखतो.

तिनं ठोकलं. तो म्हणाला, पेटी. ती हसली. तिनं पुन्हा ठोकलं. पेटी. पुन्हा. पेटी. ती हसायची थांबली आणि जवळ आली. "आजोबा, तुम्ही मुद्दाम करताय. ही सगळी चौकट होती."

"कशी वाजते चौकट?"

"टण्," ती म्हणाली. "काचेसारखी. आणि पेटी ढब्. कुणालापण कळतं."

त्यानं मोगरी घेतली आणि स्वतः चौकटीवर ठोकलं. ढब्. पेटीवर ठोकलं. ढब्. आवाजाचा वरचा अर्धा भागच कुणीतरी कापून नेला होता. ते ठणठणीत, कोरडं, ज्याच्यावर त्यानं एकतीस वर्षं भाकरी खाल्ली, तेच येत नव्हतं. म्हणजे गेलं वर्षभर त्याच्यासाठी जगातलं प्रत्येक झाड पोकळ होतं. आणि तो सगळ्यांना झाडांचं वय सांगत फिरत होता.

मान वर केली तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. हातात ओला पेला होता. आदल्याच दिवशी ती नळावर शेजारणीशी कडकडून भांडून आली होती. आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात कुणाचा फुकट चहा घेतला नाही, जीभ झडेल बोलणाऱ्याची, असं काय काय सुनावून ती घरी आली तेव्हा धापा टाकत होती आणि तिचा चेहरा अभिमानानं लाल झाला होता. तो खाली मान घालून जेवत राहिला होता. खरी लाज ही होती, आणि ती आज त्याला नीट दिसली: लोक लाचखाऊ म्हणतात ते त्याला चाललं होतं. बहिरा म्हणाले असते, ते चाललं नसतं. चोराकडे निदान त्याची विद्या शाबूत असते.

"दवाखान्याला जाऊ या," बायको संध्याकाळी एवढंच म्हणाली.

"उद्या तिथेच चाललोय," तो म्हणाला. ते खरंच होतं. सोमवारी दवाखान्याच्या अंगणातली चिंच तपासायची होती. खात्याचे साहेब स्वतः येणार होते.

आठवड्यापूर्वी जे काम त्यानं दात कोरत केलं असतं, त्याचा त्यानं त्या संध्याकाळी चारी बाजूंनी विचार केला. सगळ्यात सोपी वाट अशी होती की यापुढे प्रत्येक झाडाला भरीव म्हणायचं. फुली मारायचीच नाही. निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं होतं. सव्वा वर्ष नुसतं ठोकायचं आणि मान डोलवायची. पण चिंचेखाली सकाळपासून माणसं बसलेली असतात. तापानं फणफणलेली पोरं, पोटुशा बाया, ओसरीत जागा न मिळालेले म्हातारे. ती खरंच पोकळ असली तर? तोडली तर ही सगळी उन्हात, ठेवली आणि पडली तर सगळी तिच्याखाली. त्याला ही वाट इतकी आवडली होती की ती बंद झाल्याचं कळायला बराच वेळ लागला.

सोमवारी साहेब छत्री घेऊन आले होते. मुलाच्या वयाचे, नम्र. अंगणात चाळीसेक माणसं होती, एकजात सगळी चिंचेच्या सावलीत. सावलीची कड जिथे सरे तिथे माणसांचीही कड सरत होती, जणू कुणी कात्रीनं कापलं असावं. वरून चिंचा खाली पडत होत्या आणि एक म्हातारी त्या पदरात वेचत होती. परिचारिकेनं त्याला पाहिलं आणि पेशंटना सरकायला सांगितलं. फणसाची गोष्ट तिच्याही कानावर गेली असणार. "मामा, ही तरी ठेवा हो आम्हाला," ती म्हणाली, आणि आवाजात थट्टा नव्हती.

त्यानं फेरी मारली. ठोकलं, कान लावला. ढब्. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. चिंच वेचणारी म्हातारीसुद्धा थांबली. त्याच्या लक्षात आलं की ही माणसं झाडाचा आवाज ऐकतच नाहीत, ती त्याचा चेहरा ऐकताहेत. दुसऱ्यांदा ठोकायला त्यानं हात उचलला आणि तो हात तसाच राहिला.

"साहेब," तो म्हणाला, "मला ऐकू येत नाही."

साहेबांना वाटलं अंगणातल्या गलबल्याबद्दल बोलतोय. त्यांनी लोकांना गप्प बसायला सांगितलं. मग सगळं गप्प असताना त्याला ते पुन्हा म्हणावं लागलं, आणि या वेळी ते शेवटच्या बाकापर्यंत गेलं. "कानच गेलेत. वर्ष झालं असेल. गल्लीतला फणस भरीव होता. मला पोकळ वाटला."

साहेबांनी त्याला हाताला धरून भिंतीपलीकडे नेलं. ते चिडले नाहीत, हेच वाईट होतं. त्यांनी समजावलं की फणसाचा कागद केव्हाच बंद झाला, आता तो उघडला तर दोघांनाही त्रास. सव्वा वर्ष तुम्ही भांडारात बसा, मोगऱ्या-कोयते सांभाळा, कुणी काही विचारणार नाही. त्यानं दोन गोष्टी मागितल्या. एक, ही चिंच आणि फुली मारून ठेवलेली तीन झाडं तोडण्याआधी गिरमिटानं भोक पाडून बघायची. गिरमिटानं झाडाला जखम होते म्हणून मुकादमाला ते आवडत नसे. मुकादमाचे कान चांगले होते. आणि दुसरं, अकरा झाडांच्या यादीवर त्याच्या हातानं लिहू द्यायचं की तपासणी चुकीची असू शकते. पहिलं साहेबांनी मान्य केलं. दुसऱ्यावर ते म्हणाले, बघू.

चिंच भरीव निघाली. फुलीच्या तीन झाडांतली दोन भरीव, एक आतून पीठ झालेलं. पाडून झालेल्या झाडांचे बुडखे शोधत तो दोन दिवस हिंडला. पुष्कळ ठिकाणी वर फरशी बसली होती. एका ठिकाणी बुडख्यावर पानाची टपरी उभी होती. जे चार सापडले त्यांतले तीन भरीव होते. चौथा पोकळ होता, आणि त्याच्यापाशी तो जरा जास्त वेळ थांबला, याचीही त्याला लाज वाटली.

मग तो गल्लीत गेला. मावशी निळ्या प्लास्टिकखाली इस्त्री फिरवत होत्या. खाली सावलीपेक्षा उकाडाच जास्त होता. घाम कपड्यावर पडू नये म्हणून त्यांनी कपाळाला फडकं बांधलं होतं. त्यानं सांगितलं, कान गेल्याचं, पोकळ वाटल्याचं, लाकूडवाल्याचा काही संबंध नसल्याचं. आणि त्या दिवशी मी पुन्हा ऐकायला हवं होतं, हेही.

मावशींनी शर्टाची कॉलर पुरती केली, बाह्या केल्या, घडी घातली.

"मला काय सांगता," त्या म्हणाल्या. "उन्हाला सांगा."

तो भांडारात बसू लागला. घराकडची सरळ वाट गल्लीतून जायची, आणि दुपारी साडेबाराला त्याची जेवायची सुटी व्हायची. दुसऱ्या रस्त्यानं गेलं असतं तर चार पावलंच जास्त पडली असती. तो गल्लीतूनच जाई. गल्लीच्या तोंडाशी आला की त्याच्या हातातली छत्री मिटे, आणि बुडखा ओलांडून पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत उघडत नसे. कुणी त्याला तसं सांगितलं नव्हतं. दवाखान्यात नंबर लावून आलेल्या बाया आता भिंतीला चिकटून ओळीनं उभ्या असत. रिक्षावाला दुसरीकडे झोपायला जाई. शिंप्यानं एकदा मान हलवली, एकदा नाही. फणसाच्या हंगामात एका घरात म्हातारा आजारी पडला, आणि पहिला वाटा द्यायला काही नव्हतं.

बायकोनं कपाळावरची करपलेली कातडी पाहिली आणि विचारलं. त्यानं सांगितलं नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही. ती हल्ली नळावर सगळ्यांच्या शेवटी जाते, हे त्यालाही माहीत होतं.

कान तपासले. मशीन लावा म्हणाले. लावल्यावर पहिल्यांदा ऐकू आल्या त्या चिमण्या. त्या कुठेच गेल्या नव्हत्या.

एका दुपारी तो असाच छत्री मिटून बुडख्यापाशी आला. बुडखा आता पिवळा राहिला नव्हता. तपकिरी पडला होता आणि त्यावर कुणीतरी कोळशाची पाटी ठेवली होती. मावशींनी मान वर केली नाही.

"मामा, छत्री उघडा."

तो थांबला.

"रोज बघते मी. तुम्ही तापलात म्हणून सावली पडत नाही." त्यांनी इस्त्रीतली राख फुंकली. "उघडा, आणि इकडे धरा जरा. शिंपडलेलं सगळं वाळून चाललंय. झाड होतं तेव्हा एकदा पाणी मारलं की पुरायचं. आता तीनदा मारते."

त्यानं छत्री उघडली. टेबलाच्या कडेला ओल्या कपड्यांचा ढीग होता, घट्ट गुंडाळ्या करून ठेवलेला. त्यानं छत्री त्या ढिगावर धरली. छत्री लहान होती. ढीग झाकला गेला आणि तो बाहेर उन्हात राहिला. मावशींनी एकेक गुंडाळी उचलली, उलगडली, इस्त्री केली. त्याचा हात भरून आला तेव्हा त्यानं हात बदलला. ढीग संपला तेव्हाच त्यानं छत्री खाली घेतली.